धाकटीची पात

"ऊठ! ऊठ तिथून आधी!"

वहिनी खुरपं उगारून ओरडली आणि कांद्याच्या मळ्यात सगळ्या बायकांचे हात थांबले. मी पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभा होतो, तो तसाच राहिलो. समोर, धाकटीच्या पातीच्या पार पलीकडच्या टोकाला, डोक्याला निळं फडकं बांधलेली एक परकी बाई उकिडवी बसून गवत काढत होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, ती गुडघा अधू करून घेऊनच. थोरल्या भावाच्या माघारी आमचं घर वहिनी ओढते. मळेवाल्याकडच्या बायकांची म्होरकी तीच, म्हणून धाकटीला तिथं काम होतं.

खुरपायला बसलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला रानाची एक पट्टी येते, ती तिची पात. आमच्या बायका एका रांगेत सरकतात. एखादी मागं पडली की दोन्ही बाजूच्या शेजारणी हात लांबवून तिचं गवत ओढतात. सगळ्या एकदम बांधाला लागतात आणि मागं कोण होती ते मळेवाल्याला कळतच नाही. धाकटीचा गुडघा या रांगेनं असा झाकून नेला होता. पण समोरच्या टोकानं कुणी पातीत शिरलं, तर त्याचा अर्थ एकच. ही बाई निकामी झाली, हिची पात आता माझी.

निळ्या फडक्याची ती बाई सीमेपलीकडची. तिची माणसं त्या साली आमच्याकडे आली. आमची तरणी पोरं परमुलखात गेलेली, मळेवाल्याला हात हवे होते. दुकानदाराचं फावलं, तो पोत्यांवर पोती उतरवून घेऊ लागला. लोकांनी गोठे धुऊन त्यांना भाड्यानं दिले. शिव्याही त्यांनाच आणि भाडंही त्यांचंच. मजुरी मात्र होती तिथंच रुतली. वाढवा म्हटलं की मळेवाला नुसता गोठ्यांकडे बोट दाखवायचा.

निळ्या फडक्याची हसली. तिला आमची भाषा येत नव्हती. तिनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, धाकटीकडे बोट केलं आणि पुन्हा गवताला लागली.

"बघा! लंगडी म्हणून चिडवते!" वहिनी तरातरा गेली, तिच्या हातातलं खुरपं हिसकावलं आणि बांधापलीकडे ओढ्यात भिरकावलं.

"वहिनी, असू दे गं. खाते का ती मला?" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. आज पात घेईल, उद्या तुझी जागा घेईल. मग बस घरात भिंती चाटत."

निळ्या फडक्याची उठली. हात झटकत आपल्या माणसांत गेली. दिवसभर ती हातानंच गवत उपटत होती.

मला दुसरं काय काम? पाणी द्यायचं आणि बघत बसायचं. दुपारी त्यांच्या रांगेकडे पाहत होतो. त्यांच्यातली एक म्हातारी मागं पडली, तेव्हा ज्यांचं उरकलं होतं त्या बायका वळल्या आणि पलीकडच्या टोकानं तिच्या पातीत शिरल्या. खुरपत खुरपत तिच्यापर्यंत आल्या. मध्यावर भेट झाली तशा सगळ्या हसल्या.

घरी येताना मी वहिनीला ते सांगितलं.

"पुस्तकात वाचलंत का, भाऊजी?"

"नाही, डोळ्यांनी बघितलं. पण माझं काय, माझी नजर चुकलीही असेल."

वहिनी वाट सोडून ओढ्यात उतरली आणि चिखलातून खुरपं शोधून घेऊन आली. "उद्या देते तिचं तिला. काय बोलायचं ते मात्र ठाऊक नाही बाई."

सकाळी मळेवाला आधीच बांधावर उभा होता.

"भांडणं नकोत मला. बाजारात बाहेरचा कांदा स्वस्त उतरतोय, मी कुठवर टिकायचं? आजपासून रोजंदारी बंद. ज्याची पात त्याची. जितक्या पाती उरकाल तितके पैसे. तुम्हालाही तेच, त्यांनाही तेच."

"आमच्या तोंडचा घास काढून यांना देता?" वहिनी म्हणाली.

"तुमची पोरं परमुलखात गेलीत. ती तिथं कुणाच्या पाती खुरपतात, विचारलंत कधी?"

वहिनीचाही मुलगा तिकडंच आहे. ती खाली बसली आणि कामाला लागली.

ऊन चढलं. माती तापून ढेकळं दगडासारखी झाली. आमची रांग तुटली. कुणी पुढं, कुणी मागं, मान वर करायला सवड कुणाला? धाकटी मागं पडू लागली. वहिनीनं सवयीनं तिच्या पातीत हात घातला. पलीकडची शेजारीण पुढं सरकलेली दिसली, तसा तिनं तो परत घेतला. बांधाला लागल्यावर तिनं निळ्या फडक्याचीला खुरपं नेऊन दिलं. तिनं मान वर न करता घेतलं. वहिनी क्षणभर उभी राहिली आणि दुसऱ्या पातीला बसली. तिचा तरी काय इलाज? घरात चूल एकच.

मला राहवलं नाही. कळशी ठेवून धाकटीच्या शेजारी बसलो आणि खुरपू लागलो.

"दादा, निघ बाहेर," ती थोड्या वेळानं म्हणाली. "गवत राहू दे, कांदा तरी जगू दे."

माझ्या हातात निम्मी कांद्याचीच रोपं होती. ती हसली, मीही हसलो. मग ती हसायची थांबली. तिच्यापुढं अर्धी पात पडलेली होती, आणि मळेवाला बांधावरून एकेका बाईकडे बघत येत होता.

पलीकडच्या टोकाला निळ्या फडक्याची आपली पात संपवून उठली. कंबर सरळ केली. तिनं धाकटीकडे पाहिलं, नंतर तिच्या उरलेल्या पातीकडे. एक पाऊल तिकडं टाकलं. वहिनीचे हात थांबले. मान वर करून ती तिच्याकडे बघत राहिली, तोंड उघडलं, पण शब्द कोणत्या भाषेतला काढायचा?

निळ्या फडक्याचीनं वहिनीकडे पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं. फडकं कपाळावर ओढून ती आपल्या पुढच्या पातीला बसली.

आमची रीत ती शिकली होती.