टिल्लीचं कार्ड

माझ्या वस्तीतली पोरं मला सुईबाई म्हणतात. पोर जेवत नसलं की आया माझ्या नावाने दम देतात, आणि मी गल्लीत शिरले की चार दारं पटापट लागतात. एकवीस वर्षं मी दवाखान्यात लस टोचायचं काम करते आहे. कोणाकडे बाळ कधी झालं, कोणाची आई लसीच्या दिवशी नेमकी माहेरी जाते, कोणत्या बापाला तापलेलं पोर बघवत नाही, सगळं मला तोंडपाठ आहे. बुधवारी जो आला नाही त्याच्या दारात गुरुवारी मी हजर. लोक चिडतात, चिडू देत. माझ्या भागात एकही मूल सुटलेलं नाही, असं मी बैठकीत छाती काढून सांगायचे. एक सुटलं होतं, आणि ते माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

टिल्ली तीन महिन्यांची असताना सुईनंतर तिची मांडी सुजून टणक झाली, ताप चढला आणि त्या तापात तिला झटका आला. दोन मिनिटांत थांबला, पुढे काही झालं नाही. पण ती दोन मिनिटं माझ्या भावजयीच्या डोळ्यांपुढून कधी हललीच नाहीत. त्यानंतर लसीचा विषय निघाला की तिचं डोकं दुखायचं, नाहीतर टिल्लीला सर्दी असायची, नाहीतर घरात पाहुणे यायचे. भाऊ लिफ्टचा मेकॅनिक, दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या खड्ड्यात उतरलेला. घरात नर्स आहे म्हटल्यावर मुलीचं सगळं वेळच्या वेळी होत असणार, असं तो धरून चालला होता. मी भावजयीशी दोनदा कडाकडा भांडले. दुसऱ्या भांडणानंतर तिने सहा महिने माझ्याशी अबोला धरला आणि आईने माझ्यापुढे हात जोडले. मग मीही तोंड मिटलं. लोकांच्या दारात पाय रोवून उभी राहणारी मी, स्वतःच्या घरात शेपूट घातलं.

टिल्ली पाच वर्षांची झाली तेव्हा भावाला परदेशात नोकरी लागली. तीन वर्षं तो त्या नोकरीमागे होता. रात्रपाळीहून येऊन तिकडची भाषा घोकायचा, परीक्षा द्यायचा, नापास व्हायचा, परत द्यायचा. अखेर पत्र आलं, आणि पत्रासोबत कागदांची यादी. त्यात मुलांचं लसीचं कार्ड होतं. गोवराची निदान एक लस झालेली नसेल तर व्हिसासाठीची मेडिकल तपासणी पुढे सरकणार नाही, बाकीच्या राहिलेल्या तिकडे देता येतील, असं स्पष्ट लिहिलं होतं. मेडिकल मंगळवारी सकाळी. ती तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि नोकरी तोवर वाट बघत बसणार नव्हती.

सोमवारी दुपारी भावजय कार्ड घेऊन दवाखान्यात आली. टिल्ली सोबत होती, पायातल्या नव्या बुटांकडे बघत. कार्डावर तीन महिन्यांनंतरचे सगळे चौकोन कोरे. भावाने ते कार्ड कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

आता इथे आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. गोवराची लस दहा मुलांची मिळून एका बाटलीत येते. पावडरीत पाणी मिसळलं की चार तास, मग उरलेली फेकायची. म्हणून आम्ही पोरं जमवतो आणि बुधवारी बाटली फोडतो. एका मुलासाठी फोडू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट फोडा, असंच लिहिलं आहे. पण बाटलीतले अर्ध्याहून जास्त डोस वाया गेले तर त्याचं कारण महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून द्यावं लागतं. माझ्यावर तशी वेळ एकदाही आली नव्हती, आणि मला त्याचा फार तोरा होता. फ्रिज माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होता. आत पंधरा बाटल्या होत्या. मी उठले नाही.

मी पेन उचललं आणि गोवराच्या चौकोनात मागच्या बुधवारची तारीख घातली. सही केली, शिक्का मारला. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या यादीच्या तळाशी एक ओळ मोकळी होती, तिथे टिल्लीचं नाव बसवलं. त्या बुधवारी चार डोस उरले म्हणून फेकले होते; त्यातला एक कागदावर तिच्या दंडात गेला. मग भावजयीला दरडावलं, की परवा बुधवारी हिला घेऊन ये, पहिली सुई हिलाच, आणि चुकवलंस तर गाठ माझ्याशी आहे. ती म्हणाली, "आणते ताई, शप्पथ आणते." तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मेडिकल सुरळीत पार पडलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्डावरून बोट फिरवलं आणि भावाला म्हणाले, कार्ड छान ठेवलंय. भावाने मला मुद्दाम फोन करून हे सांगितलं. "तू होतीस म्हणून बरं," असंही म्हणाला.

बुधवारी ती आली नाही. टिल्लीचं नाक वाहतंय म्हणाली. नाक वाहत असताना लस देता येते हे मी तिला दहा वेळा सांगितलं असेल. पुढच्या बुधवारी बॅगांची खरेदी निघाली. तिसऱ्या बुधवारी मीच फोन केला नाही. त्याचं कारण मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ती आली असती तर मी टोचलं असतं, पण ते लिहिलं कुठे असतं? रजिस्टरमध्ये टिल्लीची गोवराची लस झालेली होती. नवी सुई द्यायची तर जुनी खोटी आहे हे कबूल करायचं, नाहीतर अजून एखाद्या पोराच्या नावावर खोटं घालायचं. एकदा कागदावर झालं की ते झाल्यासारखंच वाटायला लागतं, हेही खरं. चौथ्या बुधवारी त्यांच्या घरातली कपाटं विकून झाली होती आणि सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपत होते. अशा घरात तापलेलं पोर नको, असा विचार मी केला. मी, सुईबाईने.

निघताना टिल्ली माझ्या कमरेला चिकटली. भावजय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, की तिकडे पोचल्यावर पहिलं काम तेच, तिकडच्या सुयांनी म्हणे तापसुद्धा येत नाही. मी म्हटलं, ताबडतोब कर.

तिकडे त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. घर एका बेकरी कामगाराचं, आपलीच भाषा बोलणारं कुटुंब. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोघांत एकच. त्या कामगाराच्या बायकोने पहिले आठ दिवस यांना चूल पेटवू दिली नाही. तुमचं सामान लागेपर्यंत माझ्याकडेच जेवा म्हणाली. तिला पाच महिन्यांचा मुलगा होता. टिल्ली दिवसभर त्याच्या पाळण्याशी, असं भाऊ फोनवर कौतुकाने सांगायचा.

ते पोचून बारा दिवस झाले होते. मी दवाखान्यात सिरिंजची खोकी लावत होते तेव्हा भावाचा फोन आला. टिल्लीला चार दिवस ताप होता, खोकला होता, डोळे लाल झाले होते, आणि आज सकाळी कानामागून पुरळ सुरू होऊन चेहऱ्यावर उतरलं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीनेही ओळखलं असतं. तिथल्या डॉक्टरांनाही आधी तीच शंका आली होती. मग त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, लस झालेली आहे, तर दुसरं काहीतरी व्हायरल असेल, घरी न्या.

"ताई, घरात लहान बाळ आहे, म्हणून विचारतो," भाऊ म्हणाला. "तू दिली होतीस ना लस?"

मागे भावजय असणार.  मला एका क्षणात सगळं दिसलं: माझी नोकरी, तिचा संसार, त्यांचा व्हिसा, बैठकीत उभी असलेली मी.

"दिली होती," मी म्हटलं.

मग मी भडाभडा सूचना द्यायला लागले. खोलीत अंधार ठेव, पाणी भरपूर पाज, व्हिटॅमिन एबद्दल डॉक्टरांना विचार, खोकला वाढला तर तडक हॉस्पिटल. गोवराचं नाव न घेता गोवराची सगळी शुश्रूषा सांगितली. आणि जाता जाता, बाळाला आपलं जरा लांब ठेवा, असंही म्हटलं. एका स्वयंपाकघरात, एका न्हाणीघरात, जरा लांब. पुरळ उठायच्या आधी चार दिवसांपासूनच हा रोग पसरतो, तेव्हा जे व्हायचं ते आधीच झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तोंड बंद ठेवायला तेवढं पुरलं.

टिल्ली दहा दिवसांत उठून खेळायला लागली. ती उठली आणि बाळ पडलं. आधी ताप, मग पुरळ, मग छाती भरली. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस काचेच्या खोलीत होतं. दहाव्या दिवशी गेलं.

तिकडे गोवराने मूल गेलं तर चौकशी होते. दोन माणसं घरी येऊन गेली. टिल्ली तोवर ठणठणीत झालेली. त्यांनी तिचं कार्ड पाहिलं, तारीख, सही, शिक्का पाहिला, आणि तिचं नाव बाजूला ठेवलं. टिल्ली आजारी पडली त्याच आठवड्यात ती बाई बाळाला सर्दी झाली म्हणून दवाखान्यात घेऊन गेली होती आणि तासभर गर्दीत बसली होती. तिथेच लागण झाली असावी, असं त्यांनी ठरवलं.

भावजयीला ते सहन झालं नाही. तिने त्याच दिवशी भावाला सगळं सांगून टाकलं. भावाने मला फोन केला. तो ओरडेल, शिव्या देईल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. तो अगदी हळू बोलला. "ताई, मला कळलंय. आता हे आपल्या तिघांत राहू दे. कागद खोटा निघाला तर आम्हाला परत पाठवतील, आणि परत कधीच घेणार नाहीत." मी बरं म्हटलं. मला फार लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, त्याचा परत फोन आला. त्याचा आवाज अवघडलेला होता. बेकरीवाल्याची बायको माझ्याशी बोलायचं म्हणत होती. दोनदा त्याने टाळलं होतं, आता ती समोरच येऊन बसली होती. "नीट बोल हं ताई," तो म्हणाला आणि फोन दिला.

त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. आवाजावरून पंचवीस-सव्वीसची असावी. तिने आधी माझी तब्येत विचारली. टिल्ली आता बरी आहे, पोटभर जेवते, काळजी करू नका, असं मला सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते. इथल्या लोकांना विचारायला माझी भाषा पुरत नाही. साधी सर्दी होती त्याला. मी उगाच घाबरून दवाखान्यात नेलं. हे नको म्हणत होते, तरी नेलं. आता हे माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई फोनवर म्हणतात, तूच घेऊन गेलीस त्याला. मी नेलं नसतं तर वाचला असता का हो?"

एकवीस वर्षं आयांशी बोलते आहे. रडणाऱ्या, भांडणाऱ्या, खोटं सांगणाऱ्या. माझ्याकडे प्रत्येकीसाठी तयार उत्तर असतं. हिच्यासाठीही होतं: तुमचं काही चुकलं नाही, देवाची इच्छा, मन घट्ट करा. तिने ते ऐकून घेतलं असतं, माझे आभार मानले असते, आणि जन्मभर त्या दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली असती. पलीकडे माझा भाऊ उभा होता. त्याची तीन वर्षं माझ्या हातात होती. मला त्याची फार माया आहे. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं आहे.

"नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात नेल्याने काही झालं नाही. गोवर तुमच्या घरातच होता. टिल्लीला झाला होता. तिला लस दिलेली नव्हती. मी कार्डावर खोटं लिहिलं, आणि भावाने विचारलं तेव्हाही खोटंच सांगितलं. तो तेव्हा काही जाणत नव्हता."

 मागून भाऊ विचारत होता, काय म्हणाली ताई, काय म्हणते ती. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवला असेल. मग तिचा आवाज आला, आधीसारखाच, मवाळ.

"तुम्ही त्या दिवशीच खरं सांगितलं असतं तर?"

मी नर्स आहे. मला नेमकं माहीत होतं. एवढ्या लहान बाळाचा गोवराशी संबंध आला तर सहा दिवसांच्या आत द्यायचं एक इंजेक्शन असतं. त्याने बहुतेक बाळं वाचतात. तिकडे ते कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मिळालं असतं. भावाने मला विचारलं तेव्हा हातात अजून दोन दिवस होते.

मी तिला तेही सांगितलं.