मधली पायरी

हसू नका, मी कुंपण बोलतोय. लाकडाचं, जुनं, थोडं पुढे झुकलेलं. तुमच्यात म्हण आहे म्हणे, कुंपणच शेत खातं. माझ्या पायाशी जन्मभर कांदे न् कोबी वाढले, पण एका पानाला मी तोंड लावलेलं नाही. बदनामी करायला लोकांचं काय जातं?

रुमानियातल्या एका डोंगरउतारावरच्या गावात तोआदेरने मला उभं केलं, त्याच्या लग्नाच्या वर्षी. खांब ओकच्या लाकडाचे, फळ्या फरच्या. आमच्या गावचा नियम साधा. घरातून रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताचं कुंपण आपलं, डाव्या हाताचं शेजाऱ्याचं. ज्याचं त्याने बांधायचं आणि ज्याचं त्याने राखायचं. शेजाऱ्याकडे अर्धे पैसे मागायचे नाहीत. तसं कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी तोआदेरच्या उजव्या हाताचा. बांधून झाल्यावर त्याने माझ्या मधोमध दोन फळ्या कापून आखूड केल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक रुंद पायरी ठोकली. म्हणजे पलीकडे जायला रस्त्याने वळसा नको. तोआदेरची बायको पारास्किवा आणि पलीकडची झाम्फिरा, दोघी त्याच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. माझ्या पायरीवरून त्यांनी काय काय नेलं-आणलं म्हणून सांगू! विरजण, विस्तव, कोंबडीची पिल्लं, एकदा तर रडणारा दोरेल. दोरेल म्हणजे पारास्किवाचा मुलगा. दात येत होते तेव्हा तो फक्त झाम्फिराच्या खांद्यावर झोपायचा.

वाट्यांचं तर विचारूच नका. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. गेलेल्या माणसांच्या नावाने वाटीत उकडलेल्या गव्हाचा गोड घास घालून, वर मेणबत्ती पेटवून माझ्यावरून देतात आणि घेणारी म्हणते, "देव त्यांना क्षमा करो." आधी झाम्फिराच्या नवऱ्याच्या नावाने वाटी आली, मग तोआदेरच्या नावाने गेली. त्या दिवशी दोघी माझ्यावर कोपरं टेकून किती वेळ उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं. त्याने ठोकलेले खिळे अजून माझ्या अंगात आहेत.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. खांब मातीशी कुजले, मी झाम्फिराच्या बाजूला कलायला लागलो.

"तुझं कुंपण माझ्या कांद्यांवर डोळा ठेवून आहे बघ," झाम्फिरा म्हणायची.

"त्याच्या मालकाची सवय लागलीय त्याला," पारास्किवा म्हणायची, आणि दोघी खुसखुसत राहायच्या.

या ऑगस्टमध्ये दोरेल इटलीहून सुट्टीवर आला. तिकडे तो भिंतींना गिलावा करतो. पोरगा वाईट नाही. आईच्या काळजीने त्याला झोप लागत नाही, हे मी ऐकलंय. पण आमच्या गावात हल्ली एक खूळ आहे: ज्याचा मुलगा परदेशात, त्याच्या घराला उंच करड्या पत्र्याचं कुंपण. कमावतो ते रस्त्यावरून दिसायला नको का? दोरेलने नेलू मिस्त्रीला बोलावलं. नेलूने टेप धरली आणि सुरू झाला.

"पत्रा मीटरवर. खांब वेगळे, काँक्रीट वेगळं, मजुरी वेगळी. उतार आहे, म्हणजे पाया जास्त. गाडीभाडं धर. आणि हे जुनं उपटायचं वेगळं."

म्हणजे मला उपटायलाही पैसे पडणार होते. ऐकून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवलेलं नाही.

"मधल्या बाजूचेच बारा हजार लेई होतील," नेलू म्हणाला.

"होऊ देत. निम्मे झाम्फिरामावशी देईल. दोघांच्या मधली भिंत ना? तिकडे तसंच असतं."

नेलूने डोकं खाजवलं आणि टेप गुंडाळली. गिऱ्हाईकाला शहाणपण कोण शिकवणार? दोरेल माझ्यावरून वाकून झाम्फिराला आकडा सांगून आला. तिने कांद्यातलं गवत काढता काढता मान वर केली, "बरं" म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पारास्किवा सारखी पायरीपाशी येऊन डोकावून जायची. मी कासावीस झालो. सुट्टी संपली की दोरेल जाणार. मग बर्फ पडलं की पारास्किवाच्या दाराशी येणारं माणूस एकच, आणि तेच रुसलं तर?

तिसऱ्या सकाळी झाम्फिरा आली. हाक न मारता पायरीवर वाटी ठेवून वळली. ती वाटी नेहमीपेक्षा हलकी होती.

पारास्किवाने वाटीवरचं फडकं उचललं. आत निळ्या काठाचा रुमाल, गाठ मारलेला. तो तिने ओळखला, मीही ओळखला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आपल्या मरणाचे पैसे बाजूला ठेवतात, शवपेटीचे, पाद्र्याचे, जेवणाचे. दोघींनी आपापले रुमाल एकमेकींना इथेच दाखवले होते. जी मागे राहील तिने दुसरीच्या रुमालाची गाठ सोडायची, असं ठरलं होतं.

दोरेल अंगणात कॉफी पीत बसला होता. पारास्किवाने वाटी त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"तुझ्या कुंपणाचे पैसे. झाम्फिराचं मरण आहे त्यात."

दोरेलने रुमालाला हात लावला नाही.

"मला काय माहीत, आई? मी तर रीतसर विचारलं."

"रीत इथली विचारायची होती. उजव्या हाताचं आपलं असतं, हेही विसरलास?" तिने माझ्याकडे बोट केलं. "तू तिकडे असतोस. रात्री माझ्या खिडकीत दिवा लागला की नाही, हे कोण बघतं? पत्र्याआडून दिसेल तिला? याचा भाव नेलूने सांगितला का तुला?"

दोरेलने कॉफी खाली ठेवली. मग उठला, रुमाल बाजूला घेतला, वाटीत आईचे कोबीच्या पानांतले सारमाले भरले आणि माझ्याकडे आला. लहानपणी चढायचा तसा चढला. पण आता तो नव्वद किलोचा आणि मी हा असा! पायरी कडकन मोडली. दोरेल कांद्यांत, सारमाले त्याच्या सदऱ्यावर, रुमाल मात्र मुठीत.

झाम्फिरा दारात आली. बघत राहिली.

"मावशी, चुकलं माझं," दोरेल बसल्या बसल्या म्हणाला. "हा तुझा रुमाल. वाटी भरूनच आणली होती, शपथ."

"दिसतंय की," झाम्फिरा म्हणाली. "कुंपणाचा हिशेब मिटला, बाळा. पण कांद्यांचे मी मोजून घेणार."

आणि अलीकडे पारास्किवा हसता हसता रडायला लागली. माझ्याही फळ्या करकरल्या.

रस्त्याकडे दोरेलने हौसेने पत्रा लावलाच. वारा सुटला की तो रात्रभर बडबडतो, गावंढळ कुठला! मला मात्र उपटलं नाही. कुजलेले खांब गेले, नवे ओकचे आले, फळ्या बहुतेक तोआदेरच्याच. नेलूने नवी पायरी केली, आधीपेक्षा बुटकी, गुडघ्यांना सोसेल अशी, आणि धरायला दांडाही. तिचे पैसे त्याने घेतले नाहीत, दोन ग्लास आलुबुखाऱ्याची दारू मात्र घेतली. दोरेल गेला. आता फोनवर आधी विचारतो, "झाम्फिरामावशी आली होती का?"

तुम्हीही घराला कुंपण घालाल. भाव जरूर विचारा. खांबांचा, खड्ड्यांचा, मजुरीचा, जुनं काढायचा. फसू नका. फक्त एवढं आणखी विचारा, की पलीकडून वाटी आली तर ती घ्यायची कुठून.

बर्फ पडायला लागलंय. पारास्किवाच्या खिडकीत आज अजून दिवा लागलेला नाही, आणि ते बघून झाम्फिरा शाल गुंडाळून बाहेर पडलीय. तिने दांडा धरला. थांबा जरा, मला नीट उभं राहू द्या.