दोन बोटांचा फरक

निळा ठिपका, मसुराच्या दाण्याएवढा. तो थरथरत होता आणि ती मात्र गुडघे सांभाळत एका जागी उभी होती... दोन हजार सतरा साल ते, काठीशिवाय घळीत उतरण्याचं तिचं शेवटचं. मोबाइल लेकीचा होता. पडद्यावर ती, म्हणजे तो ठिपका, कधी वाटेवर दिसे, तर कधी वाटेबाहेर, थेट कड्याच्या पोटात. उंच कड्यांमध्ये उपग्रहाचं असं होतंच, लेक म्हणाली. हे तिलाही ठाऊक होतं. तरीही आपण नाही तिथे आपल्याला दाखवलं जातंय, हे पाहताना तिला उगाचच थंडी वाजल्यासारखं झालं.

लेक पुढे चालत होती आणि चालता चालता समजावत होती. उद्यापासून येणारा प्रत्येक माणूस हाच नकाशा हातात धरून फिरेल. दगडासमोर मोबाइल धरला की दगडाची हकिगत ऐकू येईल. वाट सोडली की मोबाइल गुरगुरेल. आणि नवी वाट लाटांच्या दगडाला वळसा घालून, डाव्या कड्याखालून जाईल. आता त्या दगडावर कुणाचा पाय पडणार नाही.

लाटांचा दगड. माणूस नव्हता तेव्हाच्या कुठल्याशा उथळ समुद्राचा तळ. एका ओहोटीनं वाळूवर वळ्या उमटवल्या, त्यांच्यावर गाळ बसला, वाळूचा दगड झाला, आणि त्या एका दुपारची वळी न् वळी तशीच राहिली - ती दुपारच होती असं ती नेहमी धरून चालायची, का ते ठाऊक नाही. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा ओणवी होऊन हाताचा तळवा त्यावर ठेवला होता, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. नवरा म्हणायचा, घरात सवत आणली असती तर निदान कधीतरी ती चहा तरी करून देती. ही नुसती आडवी पसरलीय. मग सहली येऊ लागल्या. बूट आले. वळ्यांची टोकं आधी चकचकीत झाली, मग बोथट. ती दरवर्षी जाऊन पाहायची आणि दरवर्षी कुणाकुणाच्या कचेरीत जाऊन बसायची. समोरचे साहेब बदलत, चेहरा तोच राही - कंटाळा लपवणारा. शेवटी जे तिला जमलं नाही ते तिच्या लेकीच्या नकाशानं केलं. तिच्याच पोटच्या लेकीनं. या एका गोष्टीसाठी आयुष्य पुरलं, असं ती मनाशी म्हणणार, एवढ्यात सावली आली.

सावली म्हाताऱ्याची होती. घराएवढा तो खडक कड्यापासून सुटून पुढे झुकलेला, पाठीत बाक आल्यासारखा, म्हणून नाव म्हातारा. ते नाव तिच्याच वेळच्या मंडळींनी ठेवलेलं. तो आणि कडा यांच्यामध्ये एक भेग. नवी वाट अगदी त्याच्या कुशीखालून गेली होती, बसायला बाकडंही टाकलं होतं.

तिनं भेगेत मूठ घातली. सवयीनं. तरुणपणी ती प्रत्येक खेपेला असंच करायची, आणि मूठ नेहमी बोटांच्या सांध्यांपाशी अडायची. आज ती मनगटापर्यंत आत गेली.

आत गार होतं. तिनं मूठ बाहेर काढून पाहिली... शिरा, डाग, सैल कातडी, बांगडी तर केव्हाच कोपराकडे घसरायला लागलेली. हात वाळलाय. इतक्या वर्षांत हात वाळणारच. पण इतका? की... तिनं पुन्हा मूठ आत घातली, आणि लेकीनं मागे वळून विचारलं की आई, काही हरवलं का तिथे. ती म्हणाली, काही नाही.

घळीच्या तोंडाशी असलेल्या माहिती केंद्रात व्यवस्थापक वाट पाहत होते. गोल, घामेजलेले, मनानं चांगले. बाई, तुमच्या दगडाला आता आम्ही जावयासारखं जपणार, असं म्हणून ते स्वतःच हसले आणि चहा मागवला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लेकीनं सबंध घळ उभी केली. बोटानं फिरवली, उलटी केली, आरपार दाखवली. दगड न् दगड ओळखीचा. तरी सगळंच इतकं स्वच्छ, इतकं निमूट, की तिला आजारी माणसाच्या अंगावर ओढलेली नवी चादर आठवली.

दोनदा मोजली ना घळ, तिनं विचारलं. हो, लेक म्हणाली. तीन वर्षांपूर्वी एकदा आणि यंदा एकदा, ड्रोननं. मग दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवले.

"कशाच्या आधारानं बसवलेस?"

"एक पक्की खूण लागते ना, न हलणारी. ती म्हाताऱ्याच्या डोक्यावर केलीय. वरून तोच एकटा मोकळा दिसतो, बाकी सगळीकडे झाडी."

"आणि बसले बरोबर?"

"जवळजवळ. उरलेल्या घळीत दोनेक बोटांचा फरक आला. तेवढा चालतो, आई. सगळीकडे थोडाथोडा वाटून टाकला."

व्यवस्थापक बिस्किटांची बशी पुढे करत होते. तिनं एक घेतलं. तोंडात ते विरघळेना. ज्यावरून सगळं मोजलं, तोच सरकला असेल तर... तर तो जागच्या जागी दिसणार, आणि सबंध घळ सरकल्यासारखी. मग ते सरकणं चूक म्हणून पुसून टाकलं जाणार, नीट, प्रामाणिकपणे. आणि मागे राहणार हा स्वच्छ पडदा, एक बाकडं, त्यावर बसलेली माणसं, कानात दगडाची हकिगत ऐकणारी. किंवा दोन बोटं म्हणजे नुसती दोन बोटं. ड्रोनची, वाऱ्याची. आणि मूठ म्हणजे नुसता वाळलेला हात.

समजा, मी बोलले... वाट पुन्हा उजवीकडे जाणार. दुसरी वाटच नाही. उजवीकडे फक्त लाटांचा दगड आहे.

चहा संपवून ती उठली. गाडीत बसल्यावर, लेकीनं किल्ली फिरवायच्या आधी, तिनं सगळं सांगितलं. मुठीचंही सांगितलं. लेक समोरच्या काचेतून पाहत म्हणाली, उद्या मंत्री येणार आहेत, शाळांच्या बसगाड्या ठरल्यात, आणि माझी खूण चुकली असं मी माझ्याच तोंडानं सांगायचं. आवाज चढला नव्हता. लहानपणी ताप चढला की ती अशी बोलायची, सपाट.

"आई, तुला खात्री आहे का?"

खात्री नव्हती. होता फक्त एक हात, आणि त्याची आठवण. आणि आठवणीतला हात किती जाड होता, हे मोजायला कुठली खूण?

"आहे, मने," ती म्हणाली.

लेकीनं किल्ली काढून घेतली आणि ती परत आत गेली. काचेआड व्यवस्थापकांचा चेहरा दिसत होता. आधी हसरा, मग नाही.

वाट उघडली नाही. पुढे तज्ज्ञ आले, त्यांनी पलीकडच्या कड्यावर नवी खूण केली, आणि मागच्या दोन बोटांबद्दल त्यांचं एकमत झालं नाही. खडक सरकला असेल, नसेलही. तेव्हापासून दरवर्षी मोजतात. म्हातारा हललेला नाही, निदान मोजता येईल इतका नाही. व्यवस्थापकांची बदली झाली. निरोप देताना त्यांनी नमस्कार केला, पण हसले नाहीत. लेकीचं काम गेलं. आता ती एका शहराच्या जमिनीखालच्या नळांचे नकाशे करते, रविवारी फोन करते, तब्येत विचारते. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही; बोलली असती तर बरं झालं असतं. मंडळी पूर्वीसारखीच उजवीकडून जातात. लाटांच्या दगडावर मधोमध आता एक गुळगुळीत पट्टा आहे, तिथे समुद्र नाही.

आणि ती? ती वर्षाच्या मोजणीची वाट पाहते. फोन येतो, म्हातारा आहे तसाच आहे, असं कुणीतरी सांगतं. बरं झालं, असं ती म्हणते आणि फोन ठेवते. खाली कुणी नसताना, भर दुपारी, कुणाला साधं खरचटूही न देता तो पडतोय, असं ती डोळ्यांसमोर आणते. धूळ, आवाज... आधी हे ती स्वतःला महिन्यातून एखाद्या वेळीच करू द्यायची. आता रोज. आणि अलीकडे, खाली कुणी नाही ना, हे पाहून घ्यायचं कधी कधी माझ्याकडून राहून जातं.