भोंगाबाईंची घोषणा

शिक्षण कार्यालयात प्रचाराचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे ‘भोंगाबाई’ म्हणत, आणि बाईंना त्याचं कौतुकच वाटे. यंदा त्यांची मोहीम एकाच गोष्टीची होती: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला एक पान स्वतःचं स्वतः वाचता आलंच पाहिजे. पत्रकं वाटून झाली, फलक लागले. उरली होती गाडीवरून गल्लोगल्ली वाजवायची घोषणा. ती आपलीच तिसरीतली लेक वाचणार, असं बाईंनी साहेबांना छाती फुगवून सांगूनही टाकलं. आता कुणाची बिशाद आहे नाही म्हणायची!

रेकॉर्डिंगच्या खोलीत लेकीनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि एका दमात घडाघडा वाचून मोकळी झाली. भोंगाबाई नुसत्या विरघळल्या.

“पोरगी चुणचुणीत आहे हो,” रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले, “पण तिच्या हातात माझी सामानाची यादी आहे. तुमचा कागद हा इथे, माझ्या चहाच्या कपाखाली.”

अरे देवा! महिनाभर बाई भाजी चिरताना, केस विंचरताना तीच घोषणा घोकत होत्या. लेकीला ती झोपेतसुद्धा म्हणता आली असती.

“बरं, मग यादीच वाच,” बाई म्हणाल्या.

“वा... य... वायर. दोन. स्क्रू... ड्रा... ड्रा...” लेक रडवेली झाली. “तू रोज म्हणतेस, कामात आहे, नंतर वाचू.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुसून टाकतो,” काका हळूच म्हणाले. “दुसरी मुलगी बघू. कुणाला कळणारही नाही.”

बाईंनी लेकीकडे पाहिलं. “तुझा आवाज असाच गाडीवर लावला तर चालेल?”

“तूपण बोलणार असलीस तर,” लेक नाक पुसत म्हणाली.

बाईंनी माईक ओढला. “ही माझी मुलगी, तिसरीतली. तिला वाचता येत नाही, कारण मी कधी शेजारी बसलेच नाही. आजपासून रोज दहा मिनिटं बसणार. तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी गाडी फिरली. “स्क्रू... ड्रा... ड्रा...” ऐकून माणसं जागच्या जागी थांबली. न्हाव्याची कात्री थांबली, इस्त्रीवाली दारात आली, आणि अख्खी गल्ली ओरडली, “ड्रायव्हर!”

संध्याकाळी साहेबांचा फोन वाजू लागला. बाई उचलणार, तेवढ्यात लेक पुस्तक घेऊन समोर बसली.

“आई, सगळ्या गल्लीनं ऐकलंय हं.”

बाईंनी फोन पालथा ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.