ओरडायला लावलेला वायरलेस

मी एक जुना वायरलेस संच आहे, आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

मला घडवलं तेव्हा दोन कामं दिली होती. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम जमत नाही, आणि ते जमवायचा हट्टही मी कधी धरला नाही.

दगडाच्या खाणीवरच्या डंपरमध्ये मला बसवलं. खाणीचा रस्ता डोंगराला चिकटून जाणारा, एका गाडीपुरता. म्हणून तिथं एक रीत होती. वरून निघताना चालकानं सांगायचं, "भरलेली गाडी, खाली येतेय." खालच्यानं तेच शब्द परत म्हणायचे आणि थांबायचं. उत्तर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. कित्येक वर्षं मी हे निमूट केलं. माझा म्हातारा चालक रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा.

तो घरी बसला आणि गाडी भोंग्याकडे आली. भोंगा हे त्याचं टोपणनाव. खरा आवाज मात्र बारीक, आणि त्याची त्याला भारी लाज. त्यानं मला उघडलं, आवाज आवरणारा इवलासा भाग कापून टाकला आणि आत आवाज घुमवून त्याचा त्यालाच ऐकवणारी इकोची पट्टी डकवली. झालं! आता तो शिंकला तरी डोंगर कोसळल्यासारखं वाटायचं. दिवसभर चाळे. बटण दाबून गाणी काय, हसणं काय! सगळे चालक वैतागले. मी आतल्या आत जळत होतो, पण मला विचारतो कोण?

एकदा तो भरलेली गाडी घेऊन निघाला. रीतीप्रमाणे बोलला. माझ्यातून काय गेलं? नुसती घोंघों. खाली त्याची सख्खी ताई रिकामा डंपर घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणालास? नीट बोल!" पण हा पठ्ठ्या बटण दाबून, म्हणजे माझे कान बंद करून, स्वतःचाच घुमणारा आवाज ऐकत बसलेला. ताईला वाटलं, चाललेत याचे नेहमीचे चाळे. ती वर निघाली. याला वाटलं, एवढा मोठा आवाज, ऐकलाच असणार. हाही निघाला.

वळणावर दोघं समोरासमोर आले. ताईनं गाडी कडेला घातली म्हणून धडक टळली. तिचं पुढचं चाक दरीवर अधांतरी राहिलं.

ती दुसऱ्या दारानं उतरली. तडक त्याच्या दाराशी आली.

"मेले असते रे मी! तुझ्या हातून मेले असते!"

"ताई, मी सांगितलं होतं गं..."

"सांगितलंस? तू कोकललास नुसता! आत्ताच्या आत्ता तो डबा दुरुस्त करून आण. नाहीतर माझ्यासमोर येऊ नकोस."

डबा! पण तिचं काय चुकलं?

दुरुस्तीवाल्या मावशींनी मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

भोंगा चाचरत म्हणाला, "मावशी, थोडासा इको राहू दे ना."

"ताईला विचारून ये," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पट्टी उपटली, कापलेल्या जागी नवा भाग झाळला, मग माझा आवाज दुसऱ्या संचावर पुन्हा पुन्हा ऐकून जागेवर आणला. अंगात भिनलेला ताप उतरावा तसं मला वाटलं.

मित्रांनो, ज्याला जे काम दिलंय ते त्याला करू द्या. तुमची हौस भागवायला आमची आतडी कापू नका. आणि बोलून झालं की बटण सोडत जा. एवढं तरी करा!

दुसऱ्या दिवशी भोंग्यानं माइक उचलला. त्या बारीक, कापऱ्या आवाजात म्हणाला, "भरलेली गाडी, खाली येतेय." आणि बटण सोडलं.

खालून काहीच आलं नाही. त्यानं चाक हलवलं नाही.

मग ताईचा आवाज आला. "भरलेली गाडी, खाली येतेय. थांबलेय मी. ये."