सुई त्याला, कापूस तिला

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. मित्रांनो, आता मी पत्र्याच्या डबीत पडून असते. पण एके काळी सोनपेठच्या बाजारादिवशी माझा असा दरारा होता, की मला पाहून एक पैलवान दवाखान्याच्या खिडकीतून उडाला, तो म्हणे पोखर्णीच्या नरसिंहाच्या पायरीवरच थांबला. मी त्याला जाताना पाहिलं, पोचताना नाही. पुढची गोष्ट मात्र तिखटमीठ न लावता सांगते. ती जाणत्या वयाच्या मित्रांसाठी आहे.

भट्टीत तापून मी घडले, पोटावर रेघा उमटल्या आणि डॉक्टर गुरुपादअप्पांच्या दवाखान्यात आले. कंपाउंडर सिताराम रोज सकाळी मला स्टोव्हवर उकळायचा. तापाखोकल्याची माणसं माझा गुण गात, आणि मी फुगून जाई.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनंतर एसट्या पुन्हा सुरू झाल्या, त्या आठवड्यात चंद्रभान आला. शेजारच्या गावचा दांडगा गडी, पण पडदा ओढून घेतल्यावरच बोलला. त्याच्या लिंगात टणक गाठ धरली होती. त्या गाठीनं ते वाकडं झालं होतं, दुखत होतं. नवराबायकोचं जवळ येणंच थांबलं होतं. घरात पाळणा नाही म्हणून आई धुरपताबाई बोल लावायची तो सुनेला, बायनाबाईला.

डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, पाप नव्हे. गाठीत थोडं थोडं औषध सोडू. गाठ मऊ पडली तर तिथं चांगलं मांस धरेल. पण पुरतं सरळ होईल असं वचन देत नाही. आणि आधी बायकोला सांगा.

त्यानं सांगितलं. पण पुढं जी शक्कल काढली, ती लाजेनंच सुचवावी. दर बाजारी तो बायनाबाईला सोबत आणी. पडद्याआड सुई घेई तो, आणि बाहेर बाकावर सिताराम कापूस चिकटवी तिच्या दंडाला. गावाला वाटावं, इलाज तिचाच चाललाय. तुमचं नाव निघू नये, एवढंच ती म्हणाली होती.

गाठ हळूहळू मऊ पडू लागली. चंद्रभानच्या मनात मात्र दुसरी धरू लागली. कापूस पाहून बायकांची खात्रीच पटली, की दोष हिच्यातच आहे. ओटी भरायला बायनाबाईला कुणी बोलवेना. शेजारणीच्या डोहाळजेवणात तर तिच्या हातातलं कुंकवाचं ताट काढून घेतलं. मित्रांनो, माझ्या टोचण्यानं तो कधी कण्हला नाही. हे डॉक्टरांना सांगताना कण्हला.

मग एका बाजारी धुरपताबाई सोबत आली. राणीसावरगावची एक पोरगी तिनं लेकासाठी हेरून ठेवली होती. सुनेला गुण येत नाही असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की सोयरीक पक्की करायची होती. भरल्या बाकासमोर ती म्हणाली, "अप्पा, खडकावर किती दिस पानी घालायलाव? बास करा हिच्या सुया."

चंद्रभान तेवढ्यात पडद्याबाहेर आला. सिताराम सवयीनं कापूस घेऊन बायनाबाईकडं वळला. तिनंही सवयीनं पदर सारून दंड पुढं केला. चंद्रभाननं सितारामचं मनगट धरलं आणि स्वतःची बाही वर केली.

"हितं लावा. सुया मला चालू हायेत, माय. तिला एकबी न्हाई."

"मग तिच्या दंडाला कापूस कामून?"

"माझी लाज झाकायला."

बायनाबाई उठली. सितारामच्या हातचा कापूस घेऊन तिनं नवऱ्याच्या दंडावर असा दाबला, की टोचणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"लय उशीर केला तुमी," ती म्हणाली.

सोयरीकीचा बेत तिथंच मोडला. पुढं दुखणं गेलं, वाकडेपणा थोडा राहिला. बाजाराला येताना चंद्रभान मान खाली घालून बायकोच्या मागून चाले. ती थांबून म्हणे, म्होरं व्हा. तो होत नसे. पाळणा हलला का, ते मला विचारू नका. तो सवाल आधीच फार वेळा चुकीच्या माणसाला विचारला गेलाय.

मग प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि मी डबीत गेले. माझी तक्रार नाही. सुई नेहमी स्वच्छ घ्या, दुखणं डॉक्टरांपासून लपवू नका. आणि मित्रांनो, कापूस ज्याचा त्याच्याच दंडाला लावा.