एकशे एकोणसत्तर भोकं

"अप्पा, हे कुणी केलं?"

शिवलीलाने खांद्यावरची बॅगसुद्धा अजून उतरवली नव्हती. चुलत बहिणीचं लग्न आटोपून निपाणीहून रात्रभर बसमध्ये अवघडून आलेली पोरगी, डोळ्यांवर झोप, आणि नजर मात्र सरळ टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. मी मुद्दाम तो चालू करून ठेवला होता. याच घटकेची वाट बघत होतो ना! चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "कोण करणार? तुझ्या बापानं!"

"मी नको नको म्हणत हुते," तिची आई, चंद्राबाई, चुलीकडूनच बोलली. आमच्याकडे गॅस येऊन वीस वर्षं झाली, तरी ती त्याला चूलच म्हणते. "चांगल्या डब्याची चाळण करून ठेवली."

"चाळण म्हणं! अगं, स्वल्प जवळ येऊन बघ तरी. चाळण अशी असती व्हय?"

शिवलीला वाकली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूच्या काळ्या पत्र्यावरच्या भोकांवरून तिने बोट फिरवलं. पत्र्यामागे नवा फॅन गरगरत होता. मला वाटलं, आता म्हणेल, अप्पा, काय काम केलंय! ती मटकन कॉटवर बसली.

"ह्यो आपला न्हाई, अप्पा. कंपनीचा हाय."

"ते म्हाईत हाय की. पण तुझ्याजवळच न्हवं?"

"परत द्यायचाय. बारा दिवसांत."

आता माझी बाजूही ऐका. मी कल्लाप्पा. शिवाजीनगरात, पुण्याच्या नव्हे, इकडच्या कानडी मुलखातल्या, बाजारामागच्या गल्लीत दयानंदशेठच्या वर्कशॉपमध्ये अडतीस वर्षं विजेच्या पॅनलच्या पेट्या करतो. पत्रा कापायला दुसरे, वाकवायला दुसरे, भोकं माझी. लोक हसतात. म्हणतात, भोक पाडायला काय अक्कल लागते? लागते! एकदा येऊन पाडून बघा, मग बोला.

हेब्बाळला गच्चीवर आमच्या दोन खोल्या, डोक्यावर पत्रा. एप्रिलमध्ये अंगाची लाही होते. त्याच खोलीत बसून शिवलीला चार वर्षं कंपनीचं काम करते आहे. दुपारचे दोन वाजले की तो डबा तापायचा आणि फट्दिशी बंद पडायचा. वरच्या साहेबाची बोलणी हिला. मग पोरीने काय करावं? घरातल्या एकुलत्या एक टेबल फॅनचं तोंड तिने कॉम्प्युटरकडे केलं आणि स्वतः घामाने निथळत बसली. सुट्टीच्या दिवशी मी हे बघायचो आणि माझ्या जिवाची तगमग व्हायची. बाजूचा पत्रा सपाट, वाऱ्याला आत शिरायला जागाच नाही. कुठल्या शहाण्याने बनवला होता कोण जाणे!

ती नोकरी बदलते आहे हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर परत जाईल हे मात्र डोक्यातच आलं नाही. चार दसरे चंद्राबाईने त्याला हळदकुंकू लावलंय, झेंडूची माळ घातलीय, माझ्या हातोडी-पान्याच्या शेजारी पाटावर बसवून. दसऱ्याला ज्याची पूजा केली ते आपलं, एवढंच मला कळतं.

ती लग्नाला गेली, तेव्हा रविवारी वर्कशॉपची किल्ली मागून घेतली. सगळा डबा नेला नाही हं. ड्रिलचा चुरा आत गेला तर सगळ्याची राख होते, एवढी अक्कल मला आहे. फक्त बाजूचा पत्रा काढला, चादरीत गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. आधी फॅनच पत्र्यावर ठेवून त्याच्या चार स्क्रूंच्या जागा आखल्या. मग मध्ये एक भोक, भोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा, अशा सात फेऱ्या. एकशे एकोणसत्तर. प्रत्येक जागी आधी हातोडीने पंच ठोकून टिंब, नाहीतर ड्रिल घसरतं. मग बारीक ड्रिल, मग पाच मिलिमीटरचं. खाली लाकडाची फळी, म्हणजे भोकाला मागून काटे येत नाहीत. पत्रा संपत आला की ड्रिलचा आवाज बदलतो, तेव्हा हात सैल सोडायचा. नाही सोडला तर पत्रा गरकन फिरून बोटं घेऊन जातो. जेवायलाही उठलो नाही. अडतीस वर्षं लोकांच्या पेट्या केल्या, घरच्या पेटीला पहिल्यांदाच ड्रिल लावत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

आणि आता पोरगी कपाळाला हात लावून बसलेली.

"मग? काय हुईल एवढं?" मी विचारलं.

"डबा तपासून घेतात, अप्पा. तोडमोड दिसली की क्लिअरन्स अडकतो. क्लिअरन्स न्हाई तर रिलीव्हिंग लेटर न्हाई. एक तारखेला ते लेटर दाखवलं न्हाई तर नवी कंपनी माझ्या जागी दुसऱ्याला घेणार. तसं सांगूनच ठेवलंय त्यांनी. शाल्मलीचं काय झालं सांगितलं हुतं न्हवं तुम्हास्नी?"

सांगितलं होतं. शाल्मली तिच्या ऑफिसातली पुण्याची मुलगी. तिनेही हौसेने डबा उघडून आत काहीतरी बदललं होतं. दोन महिने चौकशी चालली, तोवर नवी नोकरी हातची गेली आणि पोरगी गाशा गुंडाळून पुण्याला परत गेली.

"मी येतो की तुझ्यासंगं," मी म्हटलं. "सांगतो त्यांना, पोरीचा काय संबंध न्हाई, मी केलंय. काय फाशी देतात काय मला?"

"अप्पा, ते तर त्याहून वाईट! बाहेरच्या माणसानं मशीन उघडलं म्हटल्यावर आतल्या सगळ्या माहितीची चौकशी लागती."

"बाहेरचा? कोण, मी?"

"त्यांच्या लेखी, अप्पा. तुमचं नाव तर कुठंच यायला नगं."

मग माझंही टाळकं सरकलं. जिच्यासाठी दिवसभर उपाशी राबलो, तिच्या तोंडून हे ऐकायचं? "घाल चुलीत तुझी कंपनी!" म्हणालो, चप्पल घातली आणि जिना उतरलो. मागून चंद्राबाई हाका मारत राहिली. मी वळून बघितलं नाही.

तीन दिवस आम्ही बाप-लेक एकमेकांशी बोललो नाही. दोन खोल्यांत न बोलता राहणं सोपं नसतं. शिवलीला म्हणायची, "अव्वा, अप्पास्नी सांग, पाणी तापलंय." मी दीड हातावर उभा. मी म्हणायचो, "तिला सांग, मला कान हायत." चंद्राबाई दोघांना शिव्या घालायची आणि पाणी काढायची. पण चिडून चिडून किती चिडणार? तिसऱ्या दिवशी बघितलं, तर पोरगी ताटावर बसून नुसती भात चिवडत होती. गालफडं बसलेली. माझा राग जागच्या जागी विरला. हिची नोकरी माझ्या हौसेपायी जाणार, हेच डोक्यात घण मारत राहिलं.

"अप्पा," तीच आधी बोलली, "बुजवता येतील ती?"

"भोक एकदा पडलं की पडलं, बाळा. बुजवलं तर ठिगळ दिसंल."

"मग फॅन काढून टाकू?"

"अजिबात न्हाई. फॅन काढला तर तोडमोड. फॅन ठेवला तर कंपनीचा माल." हे बोलता बोलताच मला सुचलं. "पत्रा असा करून देतो की कंपनीतनंच तसा आलाय असं वाटंल. आत्ता बघणाऱ्याला हात दिसतो माझा. तेवढा पुसतो. कुणी इचारलं तर म्हणायचं, आला तवापासनं असाच हाय."

"खोटं बोलायचं?"

"मग काय करतीस? सांग दुसरं काहीतरी."

ताट बाजूला सारून ती म्हणाली, "सरी, तसंच करू."

दुसऱ्यांदा पत्रा चादरीत गुंडाळला. पहिल्यांदा वरातीत निघाल्यासारखा गेलो होतो, या खेपेला चोरासारखा. दयानंदशेठने विचारलं, "काय कल्लाप्पा, घरचं काम?" मी नुसता हुंकार दिला. आखणीच्या रेघा बारीक राहिल्या होत्या, त्या पॉलिश पेपरने घासून काढल्या. चौथ्या फेरीतलं एक भोक केसभर बाहेर गेलं होतं. ते माझ्याशिवाय कुणालाही दिसलं नसतं. गोल कानस लावून तेही सारखं केलं. भोकांच्या कडांना मी ब्रशने काळा रंग लावला होता, तो सगळा उतरवला. मग शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याकडून अख्खा पत्रा रंगाची पावडर मारून भट्टीतून काढून घेतला. डब्याच्या रंगाशी रंग तंतोतंत जुळला. पत्रा हातात घेतला, तर मलाच ओळखू येईना. काम पहिल्यापेक्षा फर्मास झालं होतं, आणि मला रडू येत होतं. म्हातारपण आलं, दुसरं काय.

ठरल्या दिवशी मी डबा घेऊन तिच्यासोबत निघालो. तिला एकटीला उचलवला नसता, आणि मलाही घरी बसवलं नसतं. व्हाइटफील्डला पोचेपर्यंत दोन तास गेले. सबंध रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "अप्पा, आत तुम्ही काय बोलू नगासा." मी म्हटलं, "तोंडाला कुलूप." गेटवर मला गळ्यात घालायला पाहुण्याचा पास दिला.

तळमजल्यावरच्या एका खोलीत परत आलेले डबे भिंतीशी एकावर एक रचले होते. टेबलामागे मंजुनाथ नावाचा तिशीचा माणूस होता. स्वभावाने बरा वाटला. मला उठून खुर्ची दिली. पुढचं सगळं बोलणं कानडीतच झालं. त्याने डब्याचा नंबर यादीशी ताडून बघितला, कीबोर्ड बघितला, वायरी मोजल्या. मग डबा फिरवला आणि आमचा पत्रा त्याच्यासमोर आला.

तो वाकून बघायला लागला. शिवलीलाने माझ्याकडे बघितलं नाही.

"अरे, याला बाजूला फॅन आहे," मंजुनाथ म्हणाला. "बाकी कुठल्याच मशीनला बघितला नाही. सगळी तापून तापून परत येतात."

त्याने भोकांवरून नख फिरवलं. मग मोबाइलचा उजेड पाडला आणि आणखी जवळ गेला. आता संपलं, असं मला वाटलं.

"काम बघा," तो म्हणाला. "एक भोक इकडचं तिकडे नाही. मशीनवर केलेल्या कामाची गोष्टच वेगळी. हाताने कुणाला जमणार आहे असं?"

देवा रे! अडतीस वर्षांत दयानंदशेठच्या तोंडून असं एक वाक्य निघालं नाही. माझी छाती भरून आली. शब्द अगदी दातांपर्यंत आले, ते कसे गिळले माझं मला माहीत.

"हा कंपनीनेच बसवून दिला होता ना?" त्याने शिवलीलाला विचारलं.

"हौदु, कंपनीनेच," ती म्हणाली. "आला तेव्हापासून असाच आहे."

मीच पढवलं होतं तिला. पण मला वाटलं होतं, ती अडखळेल, आवाज कापेल, निदान डोळे तरी खाली जातील. ती इतकी सहज बोलली की मलाच क्षणभर ते खरं वाटलं. तिने ते चांगलं केलं. तरी मला सोसवलं नाही.

मंजुनाथने कागदावर खूण केली. तोडमोड नाही. "संध्याकाळपर्यंत लेटर मेलवर येईल, मॅडम. नव्या नोकरीला शुभेच्छा." शिवलीलाने श्वास सोडला, तो मला ऐकू आला. पावतीचा कागद यायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात गप्प कसं बसायचं म्हणून त्याने अदबीने माझ्याकडे वळून विचारलं, "अण्णा, तुम्ही काय काम करता?"

शिवलीलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही नाही," मी म्हटलं. "घरीच असतो."

आणि टेबलावर ठेवलेले दोन्ही हात खाली मांडीवर घेतले.